हाक आणि ओ : कुमारवयीन प्रेमातील संवादव्यवहार
(‘शाळा’, ‘फँड्री’ व ‘सैराट’ यांच्या आधारे एक विवेचन)

१

मराठी कथात्म साहित्यात प्रेमाचे चित्रण विपुल असले, तरी त्यातील नायक-नायिका बहुधा महाविद्यालयीन वा त्याहून प्रौढ वयाची असतात. शाळेच्या बाकावर बसणाऱ्या मुलामुलींच्या परस्पर-आकर्षणाकडे एक तर विनोदाचा विषय म्हणून पाहिले जाते, नाही तर पुढील ‘खऱ्या’ प्रेमाची पूर्वतयारी म्हणून. या समजुतीला छेद देणाऱ्या कृतींत मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ (२००४) या कादंबरीचे स्थान महत्त्वाचे आहे. सुजय डहाके यांनी तिच्यावर आधारलेला चित्रपट २०१२ साली प्रदर्शित केला. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (२०१३) व ‘सैराट’ (२०१६) या दोन चित्रपटांनी हाच विषय नगरातून गावाकडे आणि मध्यमवर्गीय घरांतून जातिव्यवस्थेच्या उघड्या मैदानावर नेला.

या तिन्ही कृतींवर पुष्कळ बोलले व लिहिले गेले आहे. ‘शाळा’विषयी बोलताना ‘निरागस’ हे विशेषण हटकून वापरले जाते, ‘सैराट’मधील आर्चीविषयी बोलताना ‘बिनधास्त’ हे. ही दोन्ही विशेषणे पात्रांच्या स्वभावाची आहेत. मुकुंद जोशी शिरोडकरशी बोलत नाही, कारण तो निरागस आहे. आर्ची परश्याशी बोलते, कारण ती धीट आहे, असा या टीकेचा एकंदर आशय दिसतो. प्रस्तुत लेखातील प्रतिपादन याहून निराळे आहे. या वयातील प्रेमात कोणी प्रथम बोलावे, कोणी उत्तर द्यावे, उत्तर न मिळाल्यास त्याचा अर्थ काय घ्यावा आणि बोलण्याची किंमत कोणी भरावी, हे त्या दोघांच्या स्वभावावर फारसे अवलंबून नसते. ते त्या दोघांच्या बाहेर, त्यांच्या आधीच ठरून गेलेले असते. या बाह्य व्यवस्थेला स्वभावाचे नाव दिले, की कृतीतील सर्वांत कठोर भाग टीकेच्या हातून निसटतो.

येथे एक मर्यादा सांगितली पाहिजे. कादंबरी वा चित्रपट म्हणजे क्षेत्रीय अभ्यासातून गोळा केलेली संभाषणे नव्हेत. तथापि कोणतीही वास्तववादी कृती आपल्या समाजातील बोलण्याचे संकेत गृहीत धरूनच रचलेली असते. वाचकाला ती पटते ती या संकेतांच्या ओळखीमुळे. म्हणून अशा कृतींतून प्रत्यक्ष संभाषणांची आकडेवारी मिळत नसली, तरी संभाषणाचे नियम मिळू शकतात.

२

संभाषणाचा प्रारंभ कसा होतो, या प्रश्नाचा पद्धतशीर विचार इमॅन्युएल शेग्लॉफ यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात केला. त्यांच्या मते संभाषणाच्या आरंभी दोन घटकांची एक जोडी असते : एकाने लक्ष वेधणे आणि दुसऱ्याने ‘लक्ष आहे’ असे कळविणे. मराठीला या जोडीसाठी परिभाषा घडविण्याची गरज नाही. ‘हाक मारणे’ आणि ‘ओ देणे’ या दोन क्रियापदांत ती सिद्धच आहे. ‘हाकेला ओ देणे’ या वाक्प्रचारात तर या दोन क्रियांचा परस्परसंबंधही नोंदविला गेला आहे.

या जोडीचे दोन विशेष येथे उपयोगी पडतात. पहिला असा, की हाक एकदा मारली गेली म्हणजे ओ अपेक्षित होते. ती आली नाही, तर तिचा अभाव हीच एक लक्षणीय घटना ठरते. हाक मारलीच नसती तर जी शांतता केवळ शांतता असती, ती हाकेनंतर ‘उत्तर न देणे’ बनते. दुसरा विशेष असा, की ओ मिळाल्यावर पुढे बोलण्याची जबाबदारी हाक मारणाऱ्यावर येते. हाक मारून, ओ मिळवून, पुन्हा गप्प राहणाऱ्याला समोरचा माणूस ‘का हाक मारलीस?’ असे विचारतोच.

शाळकरी प्रेमाचा सारा पेच या दोन नियमांत सामावलेला आहे. मुलाला हाक मारावयाची असते. पण ओ आली तर पुढे काय बोलावे, हे त्याला ठाऊक नसते. शिवाय उघड हाक मारली, तर ती मारल्याचे नाकारता येत नाही. म्हणून तो अशी हाक शोधतो, की जी पोचावी पण सिद्ध होऊ नये. पाहणे ही अशी हाक आहे. सायकलची घंटी, मित्राला उद्देशून मोठ्याने उच्चारलेले वाक्य, तिच्या रस्त्यावरून दिवसातून तीनदा जाणे, या सर्व त्याच जातीच्या हाका होत. त्यांतील प्रत्येकीविषयी, प्रसंग आल्यास, ‘मी सहज पाहत होतो’ असे म्हणता येते. नाकारता येण्याची ही सोय भीरू मनाचे लक्षण नाही. जेथे बोलण्याला शिक्षा आहे, तेथे निर्माण होणारी ती एक भाषिक युक्ती आहे.

परंतु या सोयीची एक किंमत आहे, आणि ती बहुतेक वेळा मुलीला द्यावी लागते. हाकच संदिग्ध असली, म्हणजे ओही संदिग्ध होते. तिने वर पाहिले, हा होकार का? तिने खाली पाहिले, ही लज्जा का? ती मैत्रिणीशी बोलताना हसली, ते कोणासाठी? जे विचारलेच गेले नाही त्याला ‘नाही’ असे उत्तर देता येत नाही, आणि तिच्या प्रत्येक हालचालीला मात्र उत्तराचे मूल्य प्राप्त होते.

३

मराठी भाषेने या व्यवहारासाठी कोणती साधने पुरविली आहेत, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

शाळकरी बोलीत ‘लाइन’ हा शब्द दोन क्रियापदांबरोबर येतो : ‘लाइन मारणे’ आणि ‘लाइन देणे’. ‘शाळा’तील मुलांच्या बोलण्यातही हा शब्द ठळक आहे. यांतील ‘मारणे’ हे क्रियापद ‘हाक मारणे’, ‘शिट्टी मारणे’, ‘डोळा मारणे’ यांच्या पंक्तीतील आहे. ‘देणे’ हे ‘ओ देणे’, ‘दाद देणे’, ‘प्रतिसाद देणे’ यांच्या. रूढ वापरात बहुधा मुलगा ‘लाइन मारतो’ आणि मुलगी ‘लाइन देते’. म्हणजे हाक आणि ओ यांची वाटणी बोलीनेच करून टाकली आहे. मुलीने हाक मारावयाची झाल्यास तिच्यासाठी बोलीत सहज, निर्दोष असे क्रियापद नाही. ती ‘पुढे पुढे करते’ असे म्हटले जाते, आणि त्यात निंदा असते. शिवाय ‘लाइन’चे हे दोन्ही प्रयोग प्रामुख्याने मुलांच्या आपापसांतील बोलण्यातले आहेत. मुलीविषयी बोलण्यासाठी ते घडले आहेत, मुलीशी बोलण्यासाठी नव्हेत.

प्रत्यक्ष कबुलीसाठी भाषेत दोन मार्ग आहेत. एक ‘मी तुझ्यावर प्रेम करतो’ असा. दुसरा ‘तू मला आवडतेस’ असा. पहिल्यात बोलणारा कर्ता आहे, आणि त्याचे लिंग क्रियापदावर उमटते : ‘करतो’, ‘करते’. दुसऱ्यात बोलणारा ‘मला’ या चतुर्थीच्या रूपात बाजूला सरकतो; क्रियापद ‘तू’च्या पुरुषाप्रमाणे व लिंगाप्रमाणे चालते. भावना एकाची असून वाक्याचा भार दुसऱ्यावर पडतो. मराठी घरांतून व शाळांतून वाढलेल्या मुलाला ‘प्रेम करणे’ हा प्रयोग पुस्तकी वा चित्रपटी वाटतो आणि ‘आवडणे’ जवळचे वाटते, याचे एक कारण असे, की या दुसऱ्या वाक्यात त्याला कर्तेपणाची जबाबदारी घ्यावी लागत नाही. व्याकरणाने दिलेली ही सवलत सर्वच ‘अनुभवदर्शक’ क्रियापदांना लागू आहे, हे खरे. तरी या वयात तिचा आश्रय किती स्वाभाविकपणे घेतला जातो, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

तिसरे साधन नावांचे. रॉजर ब्राउन व अल्बर्ट गिलमन यांनी १९६० साली संबोधनाच्या सर्वनामांविषयी लिहिताना सत्ता आणि सलगी असे दोन अक्ष मांडले. मराठी शाळेत मुले-मुली समवयस्क असल्यामुळे ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतील निवडीला फारसा वाव नसतो. ती निवड नावांत उतरते. हजेरीपटावरील आडनाव ही एक टोकाची औपचारिक खूण. नावाला ‘-या’ हा प्रत्यय लावून केलेले रूप, म्हणजे सुऱ्या, जब्या, पिऱ्या, परश्या, ही दुसऱ्या टोकाची. या ‘-या’ची गंमत अशी, की तो मित्रांमध्ये सलगी दाखवितो आणि वरच्याने खालच्याला हाक मारताना सत्ता दाखवितो. रूप एकच, अर्थ हाक मारणाऱ्याच्या पायरीवरून ठरतो. पुढील विवेचनात नावांचा हा भाग वारंवार येणार आहे.

४

‘शाळा’ची निवेदनभूमी नववीत शिकणाऱ्या मुकुंद जोशीची आहे, आणि काळ आणीबाणीचा, म्हणजे जून १९७५ नंतरचा. कादंबरीत जिच्याभोवती त्याचे सारे मन फिरते, ती मुलगी वाचकाच्या मनात तिच्या आडनावानेच राहते : शिरोडकर. हजेरीपटावरचा हा सर्वांत कोरडा शब्द निवेदकाच्या मनात सर्वांत जिव्हाळ्याचा होऊन बसतो. हे स्थित्यंतर बोकील यांनी कोठेही मुद्दाम सांगितलेले नाही. ते निवेदनाच्या सवयीतून घडते. आडनाव वापरण्यात सुरक्षितता आहे : वर्गातील कोणीही ते उच्चारू शकतो, म्हणून ते उच्चारणाऱ्यावर संशय येत नाही. अशा रीतीने हजेरीपटावरचे नावच येथे नाकारता येण्यासारखी हाक बनते.

जोशी आणि त्याचे मित्र, म्हणजे सुऱ्या, चित्रे व फावड्या, एका बांधकाम चालू असलेल्या इमारतीत जमतात. कादंबरीतील प्रेमव्यवहाराचे खरे केंद्र ही इमारत होय. मुलींच्या नजरांचे, हसण्याचे, वाटेत थांबण्याचे अर्थ तेथे लावले जातात. भाषाशास्त्राच्या दृष्टीने येथे एक विलक्षण गोष्ट घडते : हाक एका ठिकाणी मारली जाते आणि ओ मिळाली की नाही याचा निर्णय दुसऱ्या ठिकाणी, जिने ओ द्यावयाची तिच्या गैरहजेरीत, मित्रमंडळाकडून दिला जातो. मुलीचे उत्तर मुलांच्या सभेत तयार होते.

प्राचीन परंपरेशी तुलना केल्यास हा फरक ठळक होतो. हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या ‘गाहासत्तसई’त प्रेमिकांमधील मध्यस्थ म्हणून सखी व दूती वारंवार येतात, आणि त्यातील पुष्कळ गाथा स्त्रियांच्या तोंडच्या आहेत. मध्यस्थ असूनही तेथे स्त्रीचा आवाज ऐकू येतो. ‘शाळा’तही मध्यस्थ आहेत, पण ते निवेदकाच्या बाजूचे आहेत : मित्र, आणि ज्याच्याजवळ तो मन मोकळे करतो तो नरूमामा. शिरोडकरच्या मैत्रिणींमध्ये काय बोलले जात असेल, त्यांचीही एखादी इमारत असेल काय, हे वाचकाला कळत नाही. प्रथमपुरुषी निवेदनाची ही अपरिहार्य मर्यादा आहे असे म्हणता येईल. परंतु तिच्याकडे मर्यादा म्हणून पाहण्याऐवजी वास्तवाची नोंद म्हणून पाहणे अधिक न्याय्य ठरेल : त्या वयातील, त्या शाळेतील मुलाला हे खरोखरच कळत नसते.

कादंबरीतील निर्णायक प्रयोग जोशीचा नव्हे, सुऱ्याचा आहे. ज्या गोष्टी इतर मुले नजरेने करतात, ती तो शब्दांनी करतो. केवड्याला तो प्रत्यक्ष विचारतो. त्याची हाक नाकारता येण्यासारखी राहत नाही, आणि प्रकरण शाळेपुढे जाते. सामान्य वाचनात येथे सहानुभूती सुऱ्याकडे जाते आणि केवड्याविषयी किंचित राग उत्पन्न होतो. परंतु तिच्या हाती कोणती साधने होती, हे विचारले पाहिजे. ती गप्प राहिली असती, तर त्या शांततेचा अर्थ बांधकामाच्या इमारतीत लावला गेला असता, आणि तो बहुधा होकारार्थी लागला असता. ‘नाही’ असा एक लहान, साधा, दोघांमध्येच राहणारा नकार देण्याची सोय त्या व्यवस्थेत तिला नव्हती. एक तर मौन, नाही तर तक्रार. मौन होकारात मोजले जाणार आणि तक्रार शिक्षेपर्यंत जाणार. जेथे लहान नकाराला जागा नाही, तेथे मोठा नकारच उरतो. सुऱ्याची शिक्षा आणि केवड्याची तक्रार ही एकाच उणिवेची दोन फळे आहेत.

या दृष्टीने पाहता ‘निरागस’ हे विशेषण अपुरे पडते. जोशीचे मौन हे त्याच्या मनाचे निर्मळपण दाखविते, हे खोटे नाही. परंतु सुऱ्याचे काय झाले ते त्याने पाहिलेले आहे. त्याच्या गप्प राहण्यात लाज आहे तितकाच हिशेबही आहे. अखेरीस शिरोडकर ती शाळा सोडून जाते. आणि कोणाच्या घराने कोठे राहावयाचे, हा निर्णय ज्या जगात होतो, तेथे या दोघांपैकी कोणालाच मत नसते. ज्या संभाषणाचा मजकूर वर्षभर मनात जुळविला गेला, ते संभाषण संपत नाही. त्याची एक बाजूच उठून जाते.

५

‘शाळा’त हाक जोखमीची आहे, ‘फँड्री’त ती अशक्य आहे. कैकाडी समाजातील जब्या आणि वरच्या जातीतील शालू एकाच वर्गात शिकतात. वर्ग एक, भाषा एक, गाव एक. तरी संपूर्ण चित्रपटात या दोघांमध्ये संभाषण म्हणता येईल असे काही घडत नाही. जोशीला निदान ‘विचारले तर काय होईल’ याची कल्पना करता येते. जब्याला तीही करता येत नाही, म्हणून तो बोलण्याच्या पलीकडचा मार्ग शोधतो. काळ्या चिमणीची राख ज्याच्या अंगावर टाकावी तो वश होतो, या समजुतीवर विश्वास ठेवून तो गलोल घेऊन रानोमाळ हिंडतो. या चिमणीला टीकेत स्वप्नाचे प्रतीक म्हटले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु संवादाच्या दृष्टीने तिचे कार्य अधिक नेमके आहे : हाक न मारता ओ मिळविण्याचा तो उपाय आहे. जेथे हाकेचा अधिकारच नाही, तेथे मंत्रतंत्र हेच व्याकरण उरते.

चित्रपटाच्या शेवटाकडे हाकेचा प्रश्न अनपेक्षित दिशेने येतो. शाळेलगतच्या मोकळ्या जागेत डुकरे धरण्याचे काम जब्याच्या कुटुंबाला करावे लागते, आणि वर्गातील मुले ते पाहण्यास जमतात. जब्या आडोशाला लपतो. त्याचा बाप कचरू त्याला शोधतो, हाका मारतो. या हाकेला ओ देणे म्हणजे शालूच्या देखत आपण कोण आहोत ते कबूल करणे होय. ज्या मुलीने आपल्या हाकेला ओ द्यावी म्हणून तो वर्षभर झुरला, तिच्याच समोर आपल्या बापाच्या हाकेला ओ देण्याची लाज त्याला वाटते. प्रेमाची हाक आणि जातीची हाक या एकाच क्षणी एकमेकींसमोर उभ्या राहतात. शालू इतरांबरोबर हसते. तिचे हसणे क्रूर आहे असे म्हणणे सोपे आहे. परंतु चित्रपटात तिला जब्याच्या मनाचा पत्ताच लागलेला नाही. जिला हाक कधी ऐकूच आली नाही, तिच्याकडून ओ न आल्याचा दोष तिच्यावर ठेवता येत नाही. तरीही त्या हसण्याची इजा खरी आहे. दोष नसता इजा होते, हेच या व्यवस्थेचे स्वरूप.

‘फँड्री’ हा शब्द कैकाडी बोलीत डुकराचा वाचक आहे. एका समाजाचा घरगुती शब्द गावाच्या तोंडी शिवी होतो, आणि त्या शिवीने जब्याच्या कुटुंबाला डिवचले जाते. ‘शाळा’त आडनाव हाक बनते, येथे शिवी नाव बनू पाहते. जोशीच्या व शिरोडकरच्या आडनावांनी त्यांना वर्गात एकाच पातळीवर बसविले होते, आणि ही समपातळी कादंबरीला इतकी स्वाभाविक वाटते, की तिचा उल्लेखही करावा लागत नाही. ‘फँड्री’ पाहिल्यानंतर ‘शाळा’ पुन्हा वाचली, तर ही न उल्लेखिलेली सोय प्रथम दिसू लागते. शेवटी जब्या दगड भिरकावतो, आणि तो थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो. त्याला ओ म्हणता येणार नाही. पण चित्रपटभर न बोललेल्या मुलाचे ते पहिले स्पष्ट उत्तर आहे.

६

‘सैराट’ची रचना या दोन्ही कृतींच्या उलट दिशेने सुरू होते. कोळ्याच्या घरातील परश्या आणि पाटलाच्या घरातील आर्ची यांत प्रारंभी पाहण्याचे काम परश्याकडे आहे, आणि त्याचे मित्र प्रदीप व सल्या हे अर्थ लावण्याचे काम ‘शाळा’तील मित्रांप्रमाणेच करतात. परंतु लवकरच एक उलथापालथ होते. वर्गात आर्ची परश्याकडे टक लावून पाहते, आणि अवघडून जातो तो मुलगा. नजर ही नाकारता येण्यासारखी हाक असते, असे वर म्हटले. आर्चीची नजर तशी नाही. ती लपत नाही, मित्रांच्या सभेत तिचा अर्थ लावण्याची गरज पडत नाही. येथे ‘मारणे’ आणि ‘देणे’ या क्रियापदांची रूढ वाटणी मोडते.

ती मोडण्याचे बळ कोठून येते? आर्ची बुलेट चालविते, ट्रॅक्टर चालविते, गावात कोणालाही दटावू शकते. या धीटपणाचे श्रेय तिच्या स्वभावाला द्यावे तितके थोडेच. परंतु ती बुलेट, तो ट्रॅक्टर आणि तो आवाज पाटलाच्या वाड्यातील आहेत. तिच्या तोंडी ‘परश्या’ हे रूप येते, तेव्हा त्यातील ‘-या’ दुहेरी आहे : त्यात सलगी आहे, आणि गावातील वरच्या घराला खालच्या घरातील मुलाला असेच हाकारण्याचा जो जुना अधिकार आहे, तोही आहे. प्रेमाच्या प्रारंभीच्या भागात हे दोन्ही अर्थ सुखाने एकत्र नांदतात. आर्चीला बोलण्याचा अधिकार आहे तो उसना आहे, आणि ज्यांच्याकडून तो उसना घेतला आहे ते तो केव्हाही परत मागू शकतात, हे प्रेक्षकाला पुढे कळते.

तो परत मागितला जाण्याचा क्षण पोलीस ठाण्यात येतो. पळालेल्या या दोघांना पकडून आणल्यावर परश्यावर व त्याच्या मित्रांवर आरोप ठेवले जातात. आर्ची त्याला कडाडून विरोध करते, तक्रारीचा कागद फाडते. या प्रसंगाचे नाट्य प्रेक्षकांना भावते. त्यातील व्याकरणाकडे मात्र दुर्लक्ष होते. ‘पळून जाणे’ आणि ‘पळवून नेणे’ ही दोन क्रियापदे एकाच घटनेची असू शकतात. पहिल्यात जाणारी कर्ता असते. दुसऱ्यात नेणारा कर्ता आणि ती कर्म. अशा मुलींच्या बाबतीत घर आणि ठाणे दुसरेच क्रियापद जाणतात. आपण पळून गेलो, आपल्याला कोणी पळविले नाही, हे सांगण्यासाठी आर्ची धडपडते. म्हणजे स्वतःच्या वाक्यातील कर्तेपण परत मिळविण्यासाठी धडपडते. गावात जिचा शब्द खाली पडत नव्हता, तिचा शब्द ती स्वतःविषयी बोलू लागताच ऐकेनासा होतो. मुलांवर सत्ता गाजविणारी हाक तिला चालत होती. स्वतःच्या वतीने दिलेला जबाब चालत नाही.

पुढे हैदराबादेत उभा केलेला संसार, तेथील अपरिचित भाषा, रुसवे, संशय, समेट, मूल, या सर्वांतून दोघे शिकतात ते एकमेकांना सरळ हाक मारणे व सरळ ओ देणे. चित्रपटाचा हा उत्तरार्ध रेंगाळतो, अशी तक्रार करता येण्यासारखी आहे. परंतु या विवेचनाच्या दृष्टीने तोच भाग आवश्यक ठरतो, कारण तीन कृतींपैकी येथेच दोन तरुण माणसे मध्यस्थांवाचून बोलतात, भांडतात आणि लहान नकारही एकमेकांना देऊ शकतात. आर्ची एके दिवशी आईला दूरध्वनी करते. ही चित्रपटातील शेवटची हाक. तिला ओ मिळते ती भावाच्या व नातलगांच्या रूपाने. आईकडच्या भेटवस्तू घेऊन आलेली ही माणसे दोघांचा जीव घेतात. अखेरच्या दृश्यातून ध्वनी काढून घेतलेला आहे. त्या शांततेला नाकारता येण्यासारखे काहीही नाही.

७

या तीन कृती एका रेषेवर ठेवल्या असता एक क्रम स्पष्ट होतो. जोशी हाक मारू शकतो, पण मारत नाही. जब्या हाक मारूच शकत नाही. आर्ची हाक मारते आणि त्याची किंमत प्राणांनी देते. या तिघांच्या स्वभावांत फरक आहेच. परंतु त्यांच्या बोलण्या-न बोलण्यातील फरक स्वभावाहून त्यांच्या स्थानाने अधिक समजतो. समान जातिवर्गातील दोन घरांत मौन हे काव्य होऊ शकते. विषम स्थानांत तेच मौन अपमान होते, आणि मौन मोडणे अपराध.

यावर एक आक्षेप संभवतो. या दृष्टीने पाहिल्यास लाज, हुरहूर, संकोच यांच्या स्वतंत्र सौंदर्याला काही जागा उरते काय? ‘शाळा’ वाचून आपल्या नववीची आठवण होणाऱ्या वाचकाचा आनंद खोटा का मानावयाचा? तो खोटा नाही. बोकील यांचे यश असे, की त्यांनी त्या वयाचा संकोच त्याच्याच भाषेत पकडला. परंतु कादंबरीने केवड्यालाही त्याच पानांत ठेवले आहे, आणि तिच्याकडे न पाहता होणारी स्मरणरमणीयता अर्धीच ठरते. कलाकृती आपल्या निवेदकाहून अधिक जाणत असते. वाचकाने निवेदकाइतकेच जाणून थांबू नये, एवढीच येथे अपेक्षा आहे.

दुसरा आक्षेप काळाचा. चिठ्ठ्या, सायकली व बांधकामाच्या इमारती यांचे दिवस गेले. आता मुलेमुली भ्रमणध्वनीवर सरळ बोलतात, मध्यस्थ उरला नाही, असे म्हणता येईल. साधन बदलले हे खरे. परंतु संदेश पोचून वाचला गेल्याचे सांगणाऱ्या दोन निळ्या खुणा पडद्यावर उमटतात आणि उत्तर येत नाही, तेव्हा ‘उत्तर न देणे’ ही घटना पूर्वीपेक्षा अधिक ठळक होते. तिचा अर्थ लावण्यासाठी तो पडदा पुन्हा मित्रांपुढेच धरला जातो. संदिग्ध हाक, गैरहजेरीत ठरविली जाणारी ओ, आणि लहान नकाराला नसलेली जागा, या तिन्ही गोष्टी तशाच आहेत.

मराठीच्या अभ्यासकांपुढे येथे एक काम उभे राहते. प्रेमाच्या भाषेचा अभ्यास आजवर बहुधा कबुलीच्या भाषेचा, म्हणजे काव्याचा, झाला. नकाराच्या भाषेचा अभ्यास व्हावयास हवा : कोणत्या शब्दांत, कोणत्या स्वरात, कोणापुढे, एखादी मुलगी वा मुलगा ‘नाही’ म्हणू शकतो, आणि ते ‘नाही’ ऐकले जाते काय. एखाद्या समाजातील कुमारवयीन प्रेम कितपत सुरक्षित आहे, हे तेथील मुले किती धीटपणे हाक मारतात यावरून समजणार नाही. हाकेला ओ न देणारी मुलगी दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने, त्याच वर्गात, निर्धास्तपणे जाऊ शकते काय, यावरून ते समजेल. केवड्याला तसे जाता आले असते, तर तिला तक्रार करावी लागली नसती, आणि सुऱ्याला मार खावा लागला नसता.